न पडणारी लिफ्ट

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. लोकांना हे खरं वाटत नाही, कारण माझं तोंड मोठं आहे. शिरोली एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी गिअरबॉक्सची डिझाइनं करते, तिथं माझा आवाज मशिनच्या वर ऐकू येतो. मी मशिनशॉपमध्ये येताना दिसले की माणसं आधीच कारणं जुळवायला लागतात. पण तोंड मोठं असलं म्हणून पोटात गोळा यायचा राहतो थोडाच! उलट मी जितकी जोरात ओरडते तितकी आतून घाबरलेली असते. हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे, आप्पांना. म्हणजे माझ्या वडिलांना.

आम्ही दोघंच राहतो. आई गेली, आणि नदीकाठच्या पेठेतल्या आमच्या घरात दुसऱ्यांदा पुराचं पाणी शिरलं, तेव्हा मीच हट्ट धरला की आता उंचावर जायचं. पाणी येणार नाही एवढं उंच. मिळाला तो सहावा मजला. पुराला भिऊन मी म्हाताऱ्या बापाला सहाव्या मजल्यावर नेलं, आणि तिथं गेल्यावर लिफ्टला भ्यायला लागले. माझ्या भीतीला कुठंतरी बसायला जागा लागतेच.

आप्पांचं आयुष्य साखर कारखान्यात बॉयलरवर गेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट घातला. डॉक्टरांनी सांगितलं, जिने चढायचे नाहीत आणि घराबाहेर एकट्यानं पडायचं नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दूध चालंल का?" कारण त्यांची एकच चैन होती. रोज पहाटे चौकातल्या कट्ट्यावर जायचं. तिथं गवळी म्हशी घेऊन उभे असतात. आपल्यासमोर धार काढतात आणि गरम, फेसाळलेला गिलास हातात देतात. आप्पा तो उभ्यानं पितात आणि मग तासभर कट्ट्यावर बसून अख्ख्या कोल्हापूरला नावं ठेवतात. डॉक्टर म्हणाले, चालेल. मग काय, रोज पहाटे मी त्यांना लिफ्टनं खाली न्यायची, ते दूध प्यायचे, मी जरा पाय मोकळे करायची, आणि दोघं वर यायचो. मला लिफ्ट तेव्हाही आवडत नव्हती. पण निभत होतं.

मग मागच्या वर्षीची गणेश चतुर्थी आली.

सकाळीच कुंभारांकडून मूर्ती आणली. शाडूची, चांगली हातभर उंच. दरवर्षी मी म्हणते, लहान घेऊया, आणि दरवर्षी आप्पा म्हणतात, "देव काय किलोवर घ्यायचा असतोय व्हय?" मी घेते म्हटलं तरी त्यांनी दिली नाही. पाट दोन्ही हातांवर, त्यावर मूर्ती, तिच्या तोंडावर रुमाल. आमच्यात मूर्ती एकदा हातात घेतली की घरात तिच्या जागेवर बसवेपर्यंत मध्ये कुठं टेकवायची नाही. रिक्षातसुद्धा आप्पांनी पाट मांडीवर घेऊन वरून धरून ठेवला होता. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो, मी सहाचं बटण दाबलं, चौथा मजला गेला आणि दिवे गेले.

दिवे गेले, पंखा गेला, लिफ्ट थांबली. काळोख असा की मला आप्पाही दिसेनात. घंटीचं बटण चाचपून दाबलं, ते आत गेलं ते आतच राहिलं. मोबाइलला रेंज नाही. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर दाराच्या फटीतून नुसती सिमेंटची भिंत. दोन मजल्यांच्या मध्ये लटकलो होतो.

आता माझा धंदा काय, तर दाते. दातेरी चाकं. कारखान्यात माझ्या टेबलावर परत आलेली मोडकी गिअर येतात, आणि ती का मोडली ते मला शोधायचं असतं. लिफ्टच्या वर मोटरपाशी काय असतं, दोर कशाच्या जोरावर थांबतो, त्या चाकाचे दाते झिजत झिजत कसे कागदाएवढे होतात आणि वर्षानुवर्षं झाकण उघडून कुणी कसं बघत नाही, हे मला सगळं माहीत. ज्याला माहीत नाही तो सुखी. मला त्या काळोखात एकेक दाता दिसायला लागला. मी कोपऱ्यात उकिडवी बसले आणि आप्पांचा सदरा धरला.

"आप्पा, मूर्ती ठेवा खाली. छातीला ताण येईल."

"कशाला ठिवायची? आत्ता चालू हुईल की."

थोड्या वेळानं परत म्हटलं, "आप्पा, माझ्याकडं द्या तरी."

"तुजं हात बघ कसं हलाल्यात. ऱ्हाऊ दे. आत्ता चालू हुतीया."

मला त्यांचा संताप आला. स्टेंट घातलेला माणूस, दम लागतोय, श्वासाचा आवाज मला ऐकू येतोय आणि हा देव खाली टेकवायला तयार नाही! मी ओरडले. रडले. देवाला पण बोलले, ते इथं लिहीत नाही. आणि तेवढ्यात लिफ्टनं खाली गचका खाल्ला.

नंतर कळलं, वर गच्चीवरच्या खोलीत जाऊन कुणीतरी ब्रेक सोडून, हातानं चाक फिरवून लिफ्ट इंचाइंचानं खालच्या मजल्याला आणत होतं. पण आत बसलेल्या माणसाला ते कोण सांगणार? मला वाटलं, मोडला दाता. संपलं. "आई गं" म्हणून मी अशी किंचाळले की चौथ्या मजल्यावरच्या काकू अजून ती किंकाळी करून दाखवतात. आप्पांच्या सदऱ्याचा खिसा माझ्या हातात आला. शिवण उसवून, अख्खा.

दार उघडलं. लोकांनी आम्हाला ओढून बाहेर घेतलं. लाइट आल्यावर उरलेले दोन मजले आप्पा त्याच लिफ्टनं वर गेले, मूर्ती हातात, आणि मी जिन्यानं पळत. त्यांनी मूर्ती जागेवर बसवली, नमस्कार केला आणि भिंतीला टेकून खाली बसले. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी डॉक्टरांना फोन लावला तेव्हा मला माझंच नाव आठवेना.

डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, थकवा आहे. पण त्या दिवसापासून आप्पा खाली उतरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी विचारलं, "चला, दूध?" तर म्हणाले, "नगो गं. लिफ्टचं काय खरं न्हाय." मला आतून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू! मी स्वतः तर जिन्यानंच जायला लागले होते. वॉचमन मामांनी विचारलं, "ताई, रोज जिना?" मी म्हटलं, "वजन वाढलंय." ते म्हणाले, "मग उतरताना बी?" मी म्हटलं, "तुम्ही गेट सांभाळा."

आठवडा गेला, महिना गेला, दिवाळी गेली. आप्पा खिडकीत बसून राहायला लागले. सहाव्या मजल्यावरून चौकातल्या म्हशी काळ्या ठिपक्यांएवढ्या दिसतात. ते पहाटे उठून त्या ठिपक्यांकडं बघायचे. मी पिशवीचं दूध तापवून दिलं की एक घोट घेऊन कप बाजूला ठेवायचे. "ह्ये दूध न्हवं. चुना कालवलेलं पाणी हाय." मग मी कट्ट्यावरून किटलीत दूध आणायला लागले, जिन्यानं धापा टाकत. पण फेस सहाव्या मजल्यापर्यंत टिकत नाही. ते किटलीत बघायचे, फेस नाही हे बघायचे आणि मला वाईट वाटू नये म्हणून सगळं प्यायचे.

मग दाढी आठवड्यातून एकदा व्हायला लागली. टोपी खुंटीवर राहिली. बोलणं कमी झालं. ज्या माणसानं अख्ख्या गावाला नावं ठेवली तो माणूस "हं" आणि "न्हाय" एवढ्यावर आला. शेजारच्या काकू दुपारी डोकावून जायच्या. त्या एकदा मला म्हणाल्या, "आप्पा वाळाल्यात गं." कारखान्यात फोन वाजला की आधी हात थंड पडायचे. म्हातारं माणूस बसलं की संपलं, हे मी आईच्या वेळी बघितलं होतं. हा माणूस खाली उतरला नाही तर तो त्या खिडकीतच संपणार, हे मला दिसत होतं. आणि त्याला खाली न्यायचं म्हणजे लिफ्ट.

समजावून झालं. डॉक्टरांनी सांगून झालं. लिफ्टवाल्यांचा माणूस येऊन सगळं तपासून गेला, तेही सांगून झालं. आप्पा म्हणायचे, "आसंल."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की यांना दाखवायला पाहिजे. बॉयलरवरचा माणूस, यंत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याचा विश्वास बसायचा नाही. कपाटावर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा एक मोठा डबा पडून होता. पुण्याच्या बहिणीच्या मुलीचा. ती कॉलेजला गेली आणि अडगळ आमच्याकडं आली. एकमेकांवर दाबून बसवायचे ते लाल-पिवळे ठोकळे, सोबत छोट्या दांड्या, बारकी-मोठी दातेरी चाकं. मी ठरवलं, आपली बिल्डिंग बांधायची. सहा मजले, मधोमध लिफ्टचा उभा बोगदा, आत चालणारी लिफ्ट. आणि ती पडत नाही हे आप्पांना त्यांच्याच हातानं करून दाखवायचं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. आप्पांनी खिडकीतून मान वळवली.

"काय करालीस?"

"बिल्डिंग."

"ह्या वयात?"

"तुम्ही म्हशी बघा."

पहिली लिफ्ट मी अगदी साधी केली. वर एक रीळ, रिळाला दोरा, दोऱ्याला चार ठोकळ्यांची खोली, आणि रीळ फिरवायला हँडल. हँडल फिरवलं की लिफ्ट वर. छान वर गेली. सहाव्या मजल्याला पोचली आणि मी हात सोडला. हँडल गरगर उलटं फिरलं आणि खोली धाडकन तळाला येऊन फुटली. चार ठोकळे चार दिशांना. मला ठाऊक होतं, असंच होणार. गिअर डिझाइन करणाऱ्या बाईला ठाऊक नसेल तर कुणाला? तरी तो आवाज ऐकून मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. हात ओट्यावर टेकून.

दुसऱ्या रविवारी वर्म गिअर बसवलं. ही गोष्ट सोपी आहे, सांगते. हँडलच्या दांडीवर एक स्क्रूसारखा पीळ असतो. तो पीळ खालच्या दातेरी चाकात अडकलेला. हँडल एक पूर्ण फेरा फिरवलं की चाक एक दाता पुढं सरकतं. हळू, फार हळू. पण गंमत अशी की पीळ चाकाला फिरवतो, चाक पिळाला फिरवू शकत नाही. खालून कितीही ओढा, चाक जागचं हलत नाही. खऱ्या लिफ्टमध्येही कित्येक ठिकाणी हेच असतं, त्याला वर ब्रेकची जोड असते एवढंच. मी हँडल फिरवलं, फिरवलं, मनगट दुखेपर्यंत फिरवलं, लिफ्ट तिसऱ्या मजल्याला आली. हात सोडला. ती तिथंच राहिली.

आप्पा केव्हा मागं येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही. "थांबली की," ते म्हणाले. मग पानाच्या डब्यातून एक सुपारी काढून त्यांनी त्या खोलीत ठेवली. पूजेत आपण सुपारीचाच गणपती मांडतो, तशी. "ह्यो गणपती. आता ने वर."

कित्येक महिन्यांनी ते खिडकी सोडून आपणहून आले होते. मला वाटलं, जमलं. औषध लागू पडतंय. मी सुपारीला वर नेलं आणि मग खाली आणायला हँडल उलटं फिरवायला लागले. चौथा मजला येईपर्यंत ठीक होतं. मग लिफ्ट तिरकी झाली आणि बोगद्यात अडकली. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं, पण मी हँडल फिरवतच राहिले. वरून दोरा सुटत राहिला आणि लिफ्टच्या टपावर त्याचं वेटोळं जमलं. अडकलेली लिफ्ट, वर ढिला दोरा. मी बोटानं जरा टिचकी मारली आणि लिफ्ट सुटली. ढिला दोरा ताणला जाईपर्यंत खाली कोसळली आणि गचका खाऊन थांबली. सुपारी उडून टेबलाखाली.

तोच गचका. अगदी तोच. मी टेबलाची कड धरून बसले. डोळे मिटले की सिमेंटची भिंत दिसत होती, म्हणून डोळे उघडेच ठेवले. आप्पा गुडघ्यावर हात देत वाकले, सुपारी शोधली, फुंकर मारली आणि टेबलावर ठेवली.

"गणपतीला काय झालं न्हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडं बराच वेळ बघत राहिले. "ऱ्हाऊ दे आता. च्या करू?"

मी त्यांना चहा करू दिला.

पण सोडते की काय! आता मी इरेला पेटले होते. बोगद्याच्या चारी कोपऱ्यांना गुळगुळीत पट्ट्या लावल्या. दोरा बरोबर मध्यावर बांधला. खोलीखाली वजनाला दोन जड ठोकळे घातले म्हणजे ती सरळ लटकावी. भिंतींचा काटकोन मोजून घेतला. प्रत्येक वेळी लिफ्ट खाली सोडताना माझा जीव मुठीत असायचा. खेळणं आहे, बाई, खेळणं आहे, असं मोठ्यानं म्हणायची. आप्पा खिडकीतून विचारायचे, "कुणाशी बोलालीस?" मी म्हणायची, "तुमच्या गणपतीशी." पाऊस सुरू झाला तोवर लिफ्ट वर-खाली अशी जायला लागली की कुठं अडखळायची नाही.

मग मी आप्पांना टेबलाशी बसवलं. सुपारी आत ठेवली. सहाव्या मजल्याला नेली. हँडल सोडलं. "बघा." लिफ्ट जागच्या जागी. खालून बोटानं ओढली. जागच्या जागी. मग मी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणला आणि दोऱ्यानं लिफ्टच्या तळाला टांगला. लाल-पिवळी बिल्डिंग कुरकुरली, पण लिफ्ट हलली नाही. चाकाला पीळ फिरवता येत नाही म्हणजे नाही.

"दिसलं? पडत नाही. काही झालं तरी पडत नाही."

आप्पांनी हँडल स्वतः फिरवून बघितलं. वाकून पिळात आणि चाकात बघितलं. मान हलवली.

"झ्याक केलंस. पर ह्यो एवढा खटाटोप कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? तुमच्यासाठी! तुमची भीती जावी म्हणून!"

"मला कसलं भ्या?"

"लिफ्टचं! तुम्हीच म्हणालात की, लिफ्टचं काय खरं नाही म्हणून!"

"म्हटलं. काय तर म्हणाय नगो व्हय?" ते बत्ता सोडवत म्हणाले. "आगं, बॉयलरच्या तोंडाशी जलम गेला माजा. त्या डब्याला मी भ्यायचो? पर डाक्टर म्हणतोय एकट्यानं जाऊ नगो. म्हंजे तू संगं आलीस. आन तुजी त्या दिवशी काय गत झालती ती बघितलीया मी. आजून जिन्यानं येतीस. मामाला सांगतीस वजन वाढलंय म्हणून, त्योच वर यिऊन सांगून गेला. एका गिलासासाठी रोज पोरीचा जीव टांगणीला लावू व्हय मी?"

मी भडकले. दुसरं मला येतं काय! "एवढे महिने? एवढे महिने तुम्ही त्या खिडकीत बसून वाळत होता आणि मला वाटत होतं तुम्ही भ्यालाय! सांगायचं की! तोंड नव्हतं?" असं बरंच काही. आप्पा ऐकत होते. ओरडता ओरडता मी फरशीवरच बसले. कारण मला तेव्हा जी भीती वाटली तशी त्या काळोखातसुद्धा वाटली नव्हती. हा माणूस माझ्यासाठी संपत चालला होता. काही न बोलता, फेस गेलेलं दूध पीत पीत. आणि मी एवढे महिने त्याच्या नावानं माझ्याच भीतीचं यंत्र बनवत बसले होते.

"उद्या जायचं," मी फरशीवरून म्हटलं.

"बघू."

"बघू नाही. जायचं."

पहाटे त्यांनी दाढी केली. टोपी झटकून घातली. मी लिफ्टचं बटण दाबलं आणि मला पळून जावंसं वाटलं. लिफ्ट आली. दार उघडलं. आत तोच पिवळा दिवा, तोच कोपरा. आप्पा आधी शिरले आणि वळून उभे राहिले. सदऱ्याचा खिसा माझ्याकडं केला. मी शिवून दिलेला खिसा, शिवण वाकडी. मी तो घट्ट धरला आणि आत गेले. दार लागलं. लिफ्ट निघाली. मी मनात पीळ आणि चाक, पीळ आणि चाक म्हणत होते, पण खरं सांगते, त्याचा काही उपयोग होत नव्हता. उपयोग खिशाचा होत होता. तळमजला आला तेव्हा माझी पाठ घामानं ओली झाली होती. वॉचमन मामा खुर्चीतून उठून उभेच राहिले.

कट्ट्यावर गवळ्यानं आप्पांना बघून धार मध्येच थांबवली. "पावणं, नुसती किटलीच यायची, तुमी कुठं हुता? आमी म्हटलं, आटपलं."

"आटपतोय कशाला? तुजं पाणी घातल्यालं दूध कोण पिणार मग?"

"समोर काढतोय की! पाणी काय म्हशीतच घालू?"

आप्पांनी गिलास एका दमात संपवला. मिशांना फेस लागला. त्यांनी तो पुसला नाही. आम्ही कट्ट्यावर बसलो आणि त्यांनी सुरुवात केली, महापालिकेपासून ते माझ्या कारखान्यापर्यंत. मी ऐकत होते आणि मला रडू येत होतं. मग जरा थांबल्यावर मी विचारलं. ते एवढे दिवस मनात खुपत होतं.

"आप्पा, त्या दिवशी मूर्ती खाली का नाही ठेवलीत? छातीत काही झालं असतं म्हणजे? एकदा टेकवली असती तर देव काय रागावला असता?"

"देवाचं काय गं. त्यो कुठं बी बसतोय."

"मग?"

आप्पांनी गिलास उलटा करून शेवटचा थेंब झटकला. "मी खाली ठिवली आसती तर तुला काय वाटलं आसतं? की म्हातारा म्हणतोय, आता हितंच मुक्काम. मग तू आजून भ्याली आसतीस. म्हणून धरून हुबा ऱ्हायलो. हातात हाय म्हंजे आत्ता चालू हुईल, आसं वाटतंय."

खरंच, त्यांनी "टेकवायची नसते" असं एकदाही म्हटलं नव्हतं. ते माझं मीच धरून चालले होते. ते दर वेळी एकच सांगत होते.

वर जातानाही मी खिसा धरला. आजही धरते. माझी भीती गेलेली नाही आणि ती गेली असं मी लिहिणार नाही. आप्पा रोज खाली जातात, एवढंच. ठोकळ्यांची बिल्डिंग टीव्हीशेजारी आहे, आत सुपारी आहे, आलेल्या पाहुण्याला आप्पा बत्ता टांगून दाखवतात.

यंदाची चतुर्थी आली. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली होती, म्हणून मूर्ती मी घेतली. पाट दोन्ही हातांवर, रुमाल तोंडावर. तेवढीच उंच, किलोवर न घेतलेली. लिफ्टमध्ये शिरलो तर मला खिसा धरता येईना, हात कुठं मोकळे होते? आप्पांनी सहाचं बटण दाबलं. तिसऱ्या मजल्यापाशी दिवे गेले.

बिल्डिंगला आता जनरेटर आहे. तो सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, हे मला माहीत आहे. पण काळोखाला ते माहीत नसतं. लिफ्ट थांबली, पंखा थांबला, पाट हातांवर डुगडुगायला लागला. शेजारून आप्पांच्या श्वासाचा आवाज आला. तो नेहमीसारखा नव्हता. मग त्यांचा हात चाचपत आला आणि माझ्या कोपराशी ओढणीला घट्ट धरून राहिला.

"जड आसंल," ते म्हणाले. आवाज बारीक होता. "ठिव खाली. आज चालंल."

मला ओरडावंसं वाटत होतं. मी पाट छातीशी घेतला.

"कशाला आप्पा?" मी म्हटलं. "आत्ता चालू होईल की."